सात इंच सहा सूत

३ नोव्हें., सोम.
कॅम्प चारच्या जीन्स कारखान्यात माझी लायब्ररी, म्हणजे मी लिहिलेला कटिंगचा प्रोग्राम, आजही चढली नाही. सेठचा कॉम्प्युटर बाबा आदमच्या जमान्यातला. चारदा सेटअप, चारदा तोच एरर. शेजारी पप्पा कापडाला नाक लावून खडूची खूण शोधत होते. तीस वर्षं कटिंग मास्टर! सेठ माझ्यादेखत म्हणाला, "मास्टर को अब दिखता नहीं. तेरा सिस्टम चला तो रहेगा, नहीं तो नया आदमी." बाथरूममध्ये जाऊन रडले.

५ नोव्हें.
चढली एकदाची! पप्पांची कटिंगची सगळी गणितं आता त्यात. माप टाका, तुकड्यांचे आकार छापून घ्या, कापा. डॉक्युमेंटेशन चौदा पानं, फर्ड्या इंग्रजीत. जाम खूश. मोरिवलीला घरी येताना जिलेबी. पप्पांनी पानं चाळली, "छान आहे" म्हणाले. त्यांना ना अक्षर दिसतं, ना इंग्रजी येतं.

१० नोव्हें.
वाट लागली. दोनशे पँटींना बेल्ट, कमरेची पट्टी, बसेना. बेल्ट जुन्या पद्धतीने कापलेले, ते बरोबर. पँटी कमरेला कमी. सेठ सगळ्यांसमोर ओरडला, "आँखें गईं मास्टर की! शनिवार तक देखता हूँ." पप्पा खाली मान घालून उभे. मी म्हटलं, कोड बरोबर आहे. सगळ्या टेस्ट पास होत्या. टेस्ट लिहिल्या कोणी, तर मीच.
म्हणजे चूक पप्पांची, असंच बोलले ना मी?

१२ नोव्हें.
सापडलं. नसतं सापडलं तर बरं झालं असतं.
पप्पांना माप टाकायला सांगून मागे उभी राहिले. त्यांनी टाकलं ७.६.
"हे किती, पप्पा?"
"पावणेआठ. सात इंच, सहा सूत. इंचाला आठ सूत. विसरलीस? शाळेत असताना माझ्या वहीत तूच लिहायचीस ना, टिंब देऊन."
लायब्ररीने ते दशांश समजून साडेसाताच्या जरा वर धरलं. प्रत्येक तुकडा सूतभर कमी, कमरेला चार तुकडे. माप कसं टाकायचं ते मी लिहिलंय, पान नऊ, इंग्रजीत. वाचणार कोण, माझे पप्पा?

१३ नोव्हें.
सेठला सांगते म्हटलं. पप्पा चिडले. "गप बस. माझे डोळे गेलेतच, त्यांच्यावर अजून एक आळ. तुझं नाव कशाला खराब?" आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं तर सिस्टम जाईल, त्याच्यामागे पप्पा. नाही सांगितलं तर नुसते पप्पा. काही सुचत नाही.

१५ नोव्हें., शनि.
लायब्ररीने टिंबानंतर सूतच धरायचे, असं करून ठेवलं. चौदा पानं फाडली. एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरांत. कटिंग टेबलावर चिकटवलं. सेठ तिथेच, मोबाइलवर बोलत.
पप्पांनी पानाला नाक लावलं. "दिसत नाही गं. वाच."
वाचलं. "माप मास्टरच्या वहीसारखं टाका. ७.६ म्हणजे सात इंच सहा सूत."
"बरोबर. खाली काय आहे?"
सेठने फोन खाली घेतला. पप्पांना कळलं बहुतेक. माझं मनगट धरलं, "राहू दे," म्हणाले.
वाचलं. "आधीच्या दोनशे पँटी लायब्ररीने चुकवल्या. मास्टरने नाही."
मशीन चालू होत्या. पप्पांनी मनगट सोडलं नव्हतं. सेठने टेबलावरचं पान उचकटलं, पुन्हा एकदा स्वतः वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.
"मंडे को आना," म्हणाला. कोणाला, ते बोलला नाही.