गुप्तहेराची पावलं

प्रिय भिंगरी,

तुझ्यावर भरपूर रागवायचं ठरवूनच लिहायला बसले होते, पण राग धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते, आणि माझी सगळी ताकद हल्ली बाबांना दोन घास भरवण्यात जाते. बाबांना आता अजिबात दिसत नाही. तू घर सोडलंस तेव्हा निदान खिडकी कुठे आहे ते कळायचं त्यांना. आता दिवसभर खुर्चीत बसतात आणि ऐकतात. कान मात्र तसेच आहेत, तिखट. स्वयंपाकघरात मी चमचा कुठल्या खणात ठेवला तेही बाहेरून सांगतात. जन्मभर ध्वनिमुद्रण केलेल्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, असं आई का म्हणायची ते आता मला कळतंय.

आईचा तो गुप्तहेराचा सिनेमा आठवतो ना? आठवतो काय, तुला तो तोंडपाठ होता. पडद्यावर तो उंचापुरा नायक कोट उडवत चालायचा आणि ऐकू येणारी पावलं असायची आपल्या आईची; सिनेमातल्या पावलांचे आवाज स्टुडिओत करायचे, हेच तिचं काम. पुरुषी बूट, पुढे चिंध्या कोंबलेल्या, आणि खाली कधी फरशी, कधी खडी, कधी वाळू. पडद्याकडे बघत तिने त्याच्या पायाबरोबर पाय टाकायचा, आणि काचेमागे कानाला यंत्र लावून बसलेले बाबा म्हणणार, पुन्हा. तेव्हा तू तिच्या पोटात होतीस. हॉटेलच्या लांब बोळातून तो शत्रूच्या खोलीकडे जातो, तिथली त्याची जड, सावध चाल लोकांना फार आवडली होती. ती चाल सातव्या महिन्याची होती हे फक्त आपल्या घरात माहीत. आई हे सांगताना हसून हसून बेजार व्हायची.

आई गेल्यावर बाबा रोज संध्याकाळी त्या सिनेमाची कॅसेट लावायला सांगायचे. चित्राशी त्यांना कर्तव्य नव्हतंच. गोळीबार चालला की कंटाळायचे आणि बोळ आला की हात वर करून मला गप्प बसवायचे. घरात आईचा एकही फोटो त्यांच्या उपयोगाचा नव्हता, आवाज तर कुणी जपून ठेवलाच नाही. ज्याने शहरभराचे आवाज टिपले त्याच्या घरातली ही गत. उरली होती ती पावलंच. शेवटी एक दिवस यंत्राने फीत चावली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. म्हणाला, ताई, हिच्यात आता काही उरलं नाही.

मग कळलं की तो सिनेमा नव्याने साफसूफ करून डिस्कवर येतोय. बाबांचा जीव त्या डिस्कवर टांगलेला. आली त्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली, धुतलेला शर्ट घातला, मी पडदे ओढले. चित्र इतकं लख्ख की नायकाच्या कोटाचा उसवलेला काठसुद्धा दिसावा. बोळ आला. बाबांनी हात वर केला आणि थोड्या वेळाने खाली घेतला. ही ती नव्हे, म्हणाले. एवढंच. मी कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली, म्हणाली की संवाद शाबूत होते, पण बाकीची ध्वनिफीत ओलीने गेली होती, म्हणून पावलं, दारं, बंदुका सगळं नव्याने करून घेतलं, आता किती छान ऐकू येतं ना. मी फोन ठेवला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. कुणाचंच चुकलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट. भांडायलासुद्धा कुणी सापडेना.

बाबांनी जेवण टाकलं. मी वेड्यासारखी माळ्यावरून आईचे बूट काढले, पायात घातले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले. बाबांनी बराच वेळ चालू दिलं. मग हळूच म्हणाले, बस कर गं, पाय दुखतील. मी आत जाऊन रडले, आणि तेही त्यांना ऐकू गेलं असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा त्यांनी आपणहून ती डिस्क मागितली. बोळ पुन्हा पुन्हा लावून घेतला. मग म्हणाले, ही आपली भिंगरी आहे. मी म्हटलं, बाबा, हे काम करणारे शेकड्यांनी असतील, कंपनीने नाव सांगितलं नाही, डिस्कवरही नाही. ते ऐकूनच घेईनात. या धंद्यात पडू नको म्हणून जिला एवढं बोलले, ती त्याच धंद्यात आहे याचा राग नाही, लोभ नाही, काही नाही. एकच धरून बसले आहेत, की ती डाव्या पायावर भार देत नाहीये. नायक लंगडतो का म्हणून मी विचारलं. म्हणाले, नायक नाही लंगडत, ती लपवते आहे, चांगलं लपवते आहे, पण मला ऐकू येतंय. आता उठल्यापासून निजेपर्यंत एकच विचारतात, तिला विचारलंस का. तुझा पत्ता माझ्याकडे नाही हे सांगायचं धाडस मला होत नाही. म्हणून हे कंपनीकडे पाठवते आहे, पावलांचं काम करणाऱ्या बाईंना द्यावं असं वर लिहून. त्या बाई तू नसशील, तर ज्या कुणी असतील त्यांनी माफ करावं. तू असशील, तर ये असंही मी म्हणत नाही. तुझ्या पायाला काय झालंय, तेवढं बाबांना कळव.

तुझीच,
अजून रागावलेली ताई