पोटुशी मासळी

आये, भोरच्या बाजारात तुझ्या जागेवर आता मी बसते. पाटी तुझीच आहे, फक्त खाली प्लॅस्टिक घातलंय. पावसाळ्याच्या तोंडाला बाबा धरणावरून मासळी घेऊन आले की तू प्रत्येकीच्या पोटावरून अंगठा फिरवायचीस. अंडी हाताला लागली की मासा बाजूला. एकदा बाबा वैतागले, “अगं, जाळ्याला काय डोळं हायत व्हय?” तू चुलीपुढून उठलीसुद्धा नाहीस. “जाळ्याला न्हाईत, तुमाला हायत. पोटुशी हाय ती. माझ्या पाटीत न्हाई घेणार, आन् तव्यावरबी न्हाई.” जी जिवंत होती ती बाबांनी तसंच भिजत जाऊन पाण्यात सोडली. पुढं आषाढ लागला की ते जाळंच आढ्याला टांगायला लागले. त्या दिवसांत रोज पालेभाजी असायची आणि मी ताटावर तोंड वाकडं करायचे. देवळाखालच्या डोहात तर बारा महिने कुणी जाळं टाकत नव्हतं. तू तिथल्या माशांना भाकरी कुस्करून घालायचीस.

गेल्या वर्षी साहेब आले. कुठल्या खात्याचे, ते मला नीट कळलं नाही. चावडीवर बसवून त्यांनी आम्हाला समजावलं, की पावसाळ्यात मासे अंडी घालतात. मला हसू आलं आणि संतापही आला. तुझा धाकटा मात्र हौसेनं त्यांना डोहावर घेऊन गेला. “सायेब, हितं आमी कुणीच मासं धरत न्हाई.” शाबासकी मिळेल असं वाटलं असणार त्याला. थोड्याच दिवसांत डोहाला तारेचं कुंपण पडलं आणि बंदीची पाटी लागली. तुझ्या श्राद्धाचा भात घेऊन मी गेले, तर राखणदार म्हणाला, “ताई, आत जायचं न्हाई. आता मासं राखीव हायती.” मग आजवर ते कुणी राखले होते, आये?

यंदाच्या पावसाळी मासेमारीबंदीत ठेकेदाराचा टेम्पो माझ्या समोरच उभा असतो. शेततळ्यातली मासळी आहे, तिला बंदी नाही म्हणतो. तिच्या पोटाला कुणी हात लावून बघत नाही. आमच्याकडे मात्र धाकट्यानं बाबांचं जाळं दुरुस्तीसाठी ओट्यावर पसरलं होतं, ते खात्याच्या माणसांनी उचलून नेलं. पाण्यात नव्हतं, ओट्यावर होतं. तो हात जोडत गाडीमागं रस्त्यापर्यंत गेला. मला ते बघवलं नाही.

काल तो दुसऱ्याचं जाळं मागून पाण्यावर गेला आणि एक मोठी मासळी घेऊन आला. “घाल पाटीत,” म्हणाला. माझा अंगठा आपोआप तिच्या पोटावरून फिरला.

“पोटुशी हाय रं.”

“असू दे की. आता ते सायेब बगतील. आपून कशापायी बगायचं, आक्का?”

तुला उत्तर सुचलं असतं, म्हणून तर हे लिहायला बसले. लिहून झालं की चुलीत घालणार आहे.

मासळी मेलेलीच होती. पाटीत घेतली नाही, एवढंच तुझं ऐकलं. घरी चिरली, पोटातल्या अंड्यांच्या गाबोळीला हळद-मीठ लावलं आणि तुझ्याच तव्यावर टाकली. आम्ही दोघांनी जन्मात पहिल्यांदा खाल्ली. चांगली लागली, आये. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.