रिकिबीतला पाय

प्रिय चिमणे,

नालबंदकाका आज आपल्याकडे नाल ठोकायला आले आहेत. उद्या सकाळी ते तू घोडेस्वारी शिकवतेस त्या क्लबावर जाणार, म्हणून त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. त्या पाहुण्या घोड्याचं नाव काढलं की, आई तो विषय संपला, असं म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील, एवढी आशा आहे.

रविवारी तू त्याला न्यायला ट्रक पाठवणार आहेस. दलालाशी तुझं बोलणं पक्कं झालंय, आणि दलाल असले घोडे कुठे नेतो ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुझा राग मला कळतो गं. ज्या जनावराने बापाला कठड्याच्या कडेने फरफटत नेलं, त्याला दाणापाणी कशाला घालायचं, हे तुझं म्हणणं मी शंभरदा ऐकलंय आणि मनातल्या मनात मलाही ते शंभरदा पटलंय. पण आज थोड्या वेळाने मी त्या पाहुण्यावर चढणार आहे. हो, मीच. फोनकडे धावू नकोस. पत्र तुझ्या हाती पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. म्हणून आधीच लिहून ठेवते, की मला काही झालं तर घोड्याला बोल लावू नकोस.

सामानाच्या खोलीत दाण्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. बाहेर तुझे बाबा चाकाच्या खुर्चीत बसून चहा पितायत आणि नालबंदकाकांना नाल कसा बसवायचा ते शिकवतायत. काका तीस वर्षं ऐकून घेतायत, आजही घेतील.  इतकी वर्षं या तबेल्यात काढली, लीद उचलली, खरारा केला, खोगिराचे तंग-पट्टे शिवले, आजारी घोड्यांपाशी बसून राहिले, पण खोगिरावर कधी बसले नाही. बाबा चिडवायचे, तेव्हा मी म्हणायचे की घरात एकाचे तरी पाय जमिनीवर हवेत. खरं कारण तुलाही माहीत आहे. मला भीती वाटते. जमिनीवरून मी कुठल्याही घोड्याशी भांडेन, पण वर बसायचं मात्र नाव नको.

आणि आधी पाया पक्का हवा, हा बाबांचा हेका तुला आठवतो ना? नवीन मूल आलं की त्याला आधी खोगीर दिसायचंच नाही. घोडा धरून चाल, थांबव, एक पाऊल मागे घे, खूर उचल, परत चाल. मुलांच्या आया कठड्याबाहेर कुरकुरायच्या, की आम्ही घोड्यावर बसायला शिकवा म्हणून आणलंय, घोडा फिरवायला नाही. बाबा ढिम्म. म्हणायचे, जो घोडा जमिनीवर तुमचं ऐकत नाही तो पाठीवर घेऊन काय ऐकणार. तुलाही त्यांनी सोडलं नाही. सगळी मुलं दुडक्या चालीने फिरत होती आणि तू रिकिबी काढलेल्या खोगिरावर, लगाम न धरता, दोन्ही हात पसरून गोल गोल फिरत होतीस. रात्री जेवताना रडायचीस. मी बाबांशी भांडायचे. पण तुझी मांड आज अशी पक्की आहे ती त्याच रडण्यातून आली, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते.

पाहुणा आला तोही याच पायाभरणीसाठी. मालकाने आठ दिवसांसाठी म्हणून सोडला आणि मुक्काम लांबतच गेला, म्हणून हे नाव. कोवळं, देखणं जनावर. बाबांनी त्याला हातात घेतलं आणि दोन महिन्यांत तो असा झाला की सुतळीने बांधून नेला तरी यावा. मग ती सकाळ आली. बाबा नेहमीसारखे त्याच्या डाव्या बाजूला गेले, रिकिबीत पाय घातला, आणि पुढचं तू कठड्यापाशी उभ्या असलेल्या मुलांकडून ऐकलंस. सगळ्यांनी एकच सांगितलं, की घोडा पिसाळला आणि पळत सुटला. मीही तेच सांगितलं. मालकाने दुसऱ्या दिवशी फोन करून, ठेवा नाहीतर विका, मला परत नको, असं म्हणून अंग काढून घेतलं.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा पाहुण्याजवळ जायला कोणी तयार नव्हतं. पण त्याला खायला तर घालायलाच हवं. मी दारातून चारा टाकायचे. मग आत जायला लागले. मग खरारा करू लागले. चिमणे, मी त्याच्यात पिसाळलेपण शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. खूर मागितला की द्यायचा. मागे हो म्हटलं की मागे व्हायचा. तोंडाची मोरखी धरून कठड्याला तीन फेऱ्या मारल्या तरी माझ्या खांद्याच्या पुढे एक पाऊल टाकायचा नाही. मला उलट जास्तच भीती वाटायला लागली. वाईट माणूस वाईट दिसला तर बरं असतं, निदान सावध राहता येतं.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला एका उसवलेल्या पट्ट्याने कळलं. खोगीर त्याच्या पाठीवर चढवून कुठे ताण येतो ते बघत होते. उजेडात नीट दिसेना म्हणून बादली उलटी घातली, तिच्यावर उभी राहिले आणि तोल सावरायला रिकिबीवर हात दाबला. पाहुणा चालायला लागला. दचकून नाही, उधळून नाही. शाळेतल्या हुशार मुलासारखा, सांगितल्याबरोबर. मी बादलीवरून थेट भुशात बसले. उठले, त्याला परत आणला, परत हात दाबला. परत चालला. चौथ्यांदा मी तशीच भुशात बसून राहिले, कारण डोळ्यांपुढे तुझे बाबा आले. जवानीतले, मुलांसमोर चालत्या घोड्याच्या रिकिबीत पाय टाकून एका झोकात वर जाणारे. घोडा थांबवून त्यावर चढणं हे म्हाताऱ्यांचं काम, असं म्हणणारे.

घरी येऊन मी तक्रार केल्यासारखं सांगितलं, की तुमचा पाहुणा रिकिबीवर वजन पडलं की चालू लागतो. बाबा जेवत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला. खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसले. संध्याकाळी म्हणाले, मीच शिकवलंय त्याला. पाय पडला की चल. सगळ्या घोड्यांना तसंच शिकवलं, मुद्दाम नाही, माझ्या चढण्यातून ते आपोआप शिकले. घोडा चालायला लागेपर्यंत मी वर बसलेला असायचो, त्यामुळे कधी काही बिघडलंच नाही. त्या दिवशी गुडघा आखडला. मी अर्ध्यात अडकलो आणि तो बिचारा शिकवल्याप्रमाणे निघाला. मी त्याच्या अंगावर लोंबकळायला लागल्यावर घाबरून पळणार नाही तर काय करणार?  जगाला पाया शिकवणारा माणूस, आणि दिव्याखाली हा अंधार. मला त्यांचा राग आला नाही असं नाही. खूप आला. पण त्यांचा चेहरा बघून गिळला.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थी दोन, मी आणि पाहुणा. मास्तर कठड्यापाशी खुर्चीत. रिकिबीवर हात दाबायचा. तो चालला की ओरडायचं नाही, ओढायचं नाही, गुपचूप त्याच जागी परत आणायचं आणि परत दाबायचं. क्षणभर जरी उभा राहिला तरी हात काढून घ्यायचा आणि मानेच्या मुळाशी खाजवायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? शिकवलेलं पुसून दुसरं शिकवणं किती जिवावर येतं ते तुला सांगायला नको. तो गोंधळायचा, घामाने निथळायचा, माझ्याकडे असा बघायचा की कालपर्यंत जे बरोबर होतं ते आज चूक कसं? बाबा माझ्यावर असे खेकसायचे की एकदा मी त्यांना म्हटलं, मी तुमच्याशी लग्न केलंय, तुमच्या वर्गात नाव घातलेलं नाही. ते हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले.

हात झाला, मग दाण्याचं पोतं झालं, मग बादलीवर उभं राहून मी पोटावर आडवी पडायला लागले. काल तशीच आडवी असताना शेडच्या छपरावरचा पत्रा सुटून खाली आदळला. पाहुण्याचं अंग माझ्याखाली दगडासारखं कडक झालं. मला फक्त भुसा दिसत होता आणि त्याचे पुढचे खूर. दोन पावलं टाकली त्याने. मी लोंबकळत होते. तिकडे बाबा खुर्चीतून उठायला बघत होते, कठडा धरून, त्या रॉड घातलेल्या पायावर. आणि पाहुणा थांबला. थरथरत होता, पण थांबला. मी घसरत खाली आले आणि त्याच्या मानेला धरून रडले. बाबा लांबून म्हणाले, उद्या पूर्ण चढायचं. मी नको म्हटलं. रात्रभर नकोच म्हणत होते. पण घोडामैदान जवळ आलंय, रविवार काही माझ्यासाठी थांबणार नाही. नुसतं सांगून तू ऐकणार नाहीस, मी चढून दाखवलं तर ऐकशील, एवढाच उपाय मला दिसतो.

बाबा हाक मारतायत. काका घोडा धरणार होते, पण बाबा नको म्हणतात. धरलेला घोडा उभा राहिला तर त्यात काय कळलं, असं त्यांचं म्हणणं. जाते.

अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे. परत येऊन पेटीपाशी बसले आहे.

मी बादलीवर उभी राहिले, लगाम सैल, डावा पाय रिकिबीत. वजन टाकलं आणि तिथेच अडकले. मुद्दाम नाही. गुडघा वळेना, अगदी तुझ्या बाबांसारखा. एक पाय रिकिबीत, एक पाय हवेत. पाहुण्याचा एक कान माझ्याकडे वळला. त्याने मागचा पाय जरा सरकवला, माझं वजन पेलायला, आणि उभा राहिला. मी हळूच, एखादं पोतं ओढावं तसं स्वतःला ओढून वर नेलं आणि बसले. तो उभाच.  काका टोपी काढून डोकं पुसत होते. वरून आपला तबेला किती लहान दिसतो गं. मला चालवायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं, तेवढंच केलं आणि उतरले. उतरतानाही तो हलला नाही.

आता ट्रकाचं बोलायला हवं, पण खरं सांगते, हे पत्र मी ट्रकासाठी लिहायला घेतलं असलं तरी संपवते आहे दुसऱ्याच कारणाने. मघाशी मी उतरल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि तुझा गेल्या महिन्यातला व्हिडिओ दाखवला. क्लबातली लहान मुलं टाळ्या वाजवतायत, आणि तू चालत्या घोडीच्या रिकिबीत पाय टाकून एका झोकात वर जातेस. तो आला तेव्हा बाबांनी एकदाच पाहिला होता आणि फोन पालथा ठेवला होता. मला वाटलं, स्वतःला चढता येत नाही म्हणून वाईट वाटलं असेल. आज म्हणाले, तिची घोडी उभी राहत नाही. माझ्या लेकीला मी सगळं शिकवलं, आणि हेही शिकवलं. तू लिही तिला, माझ्याने सांगवत नाही. चिमणे, तुझ्या मागे टाळ्या वाजवणारी ती मुलं उद्या तसंच चढायला बघतील. म्हणून, हे पत्र वाचलंस की पहिल्या तासाआधी एवढंच कर. रिकिबीत पाय घाल, वजन टाक, आणि थांब. घोडी चालली तर वर जाऊ नकोस. पाय खाली घे, तिला परत जागेवर आण. किती का वेळ लागेना. आणि रविवारी ट्रक नको पाठवूस, तू ये. बाबांना तुला उभ्या घोड्यावर चढताना बघायचंय.

जमिनीवर पाय असलेली, आणि आज एकदा नसलेली,
तुझीच
आई