डावा दोनदा, उजवा एकदा

तीर्थरूप आईस,
इथूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघ्याला तेल लावतेस ना?

काम हलकं आहे. शहर बघायला आलेल्या लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि कुणी चुकू नये म्हणून मागे मागे चालायचं. हेडफोनमधून एक बेघर म्हातारा रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलतो, आपला दिवस दाखवत त्यांना फिरवतो. या नळावर तोंड धुतो, या पायरीवर झोपतो. पायरीपाशी त्याच्या आवाजामागे कुणीतरी बूट आपटतं. आधी डावा दोनदा, मग उजवा एकदा.

बुटात विंचू निघाल्यापासून दादा असेच आपटायचा, आठवतं? घर सोडून गेला त्या सकाळीही आपटले होते.

म्हाताऱ्याला विचारावं म्हटलं, तर तो मागच्या थंडीतच वारला म्हणे.

काल दुपारी त्या पायरीशी मी हेडफोन बंद करून हातात घेतले. तरी पाठीमागे बूट आपटला. डावा, दोनदा. मला वळायचा धीर झाला नाही. उजव्याची वाट पाहत उभी राहिले. तो वाजलाच नाही.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. फक्त एवढं कळव, काल दुपारी आपल्या दाराशी काही वाजलं का गं? एकदाच?

तुझी,
धाकटी