शेठच्या दुकानाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय पहिलीच्या वर्गाला शिकवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. पोटातल्या आजाराने शरीर पोखरले असले तरी डोके शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आयुष्यभर पहिलीला शिकवूनही ते शाबूत राहिले याचे मला स्वतःलाच नवल वाटते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरजच वाटली नव्हती.

१. हा कागद मालमत्तेसाठी कमी आणि माझ्या नातीसाठी जास्त आहे. माझी मुलगी आणि जावई मोटारीच्या अपघातात गेले, तेव्हा नात मागच्या सीटवर होती. तिला खरचटलेसुद्धा नाही. पण तेव्हापासून ती घरात एक शब्द बोललेली नाही. कोर्टाने मला तिची पालक नेमले. माझ्यामागे तिला कोणी सांभाळायचे या एकाच काळजीने मला घेरले आहे. त्याचे उत्तर कलम चारमध्ये दिले आहे. घाई असलेल्यांनी थेट तिथे उडी मारू नये, मधले वाचल्याशिवाय ते पटणार नाही.

२. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची मोकळी जागा, नातीच्या नावे करते. ती सज्ञान होईपर्यंत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये. बँकेतली शिल्लक तिच्या शिक्षणासाठी व औषधपाण्यासाठी. माझ्या मुलाला त्याच्या वडिलांची सुतारकामाची हत्यारे द्यावीत: रंधा, पटाश्या, करवती, सगळी पेटी. वडील असेपर्यंत त्याने एक खिळा ठोकला नाही, पण त्यांचा त्याच्यावर फार जीव होता. विकायची असल्यास खुशाल विकावीत.

३. वर्गाच्या कोपऱ्यातले दुकान ही शाळेची नव्हे, माझी खाजगी मालमत्ता आहे. टेबल आणि लाकडी तराजू माझ्या नवऱ्याने करून दिला. बरण्यांत वाळू, खडे, बिया आणि बाटल्यांची झाकणे आहेत. वाळू म्हणजे साखर, झाकणे म्हणजे साबण. पुठ्ठ्याच्या नोटा मुलेच कापतात. बेरीज-वजाबाकी मी फळ्यावर कमी आणि इथेच जास्त शिकवली. दुकानाचे कायदे कडक आहेत. रांगेत उभे राहायचे, भाव दुकानदार ठरवणार आणि गिऱ्हाइकाने टेबलापलीकडे पाऊल टाकायचे नाही.

नात माझ्याच वर्गात बसते. तिची पाळी आली तेव्हा मी तिला टेबलामागे उभे केले, बोल असे म्हटले नाही. एकाने पाव किलो साखर मागितली. तिने वाळू तोलली, पुडी बांधली आणि म्हणाली, "सुटे द्या." मी फळ्यावर लिहीत होते. तशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा तिने पाहू नये असे वाटले. त्यानंतर ती टेबलामागे रोज बोलू लागली आणि टेबलाबाहेर आली की गप्प. मुलांनी पाळी लावणेच सोडून दिले. सगळी तिला 'शेठ' म्हणू लागली.

मुख्याध्यापकांना तिथे कपाट हवे होते. शिवाय ही मुलगी वर्गाचा निकाल खाली ओढते, तिला दुसरीकडे घाला, असेही त्यांनी मला भर सभेत ऐकवले. त्यांना मी माझी वर्गातली खुर्ची ठेवते, तीही मी घरून आणलेली आहे. तिचा एक पाय लंगडा आहे. त्यांनी सावकाश बसावे.

४. माझ्यामागे नातीचे पालकत्व माझ्या मुलाला न देता आमच्याच शाळेतल्या दुसरीच्या बाईंना द्यावे, अशी माझी इच्छा आहे आणि कोर्टाला विनंती आहे. मुलाला हे लागेल. म्हणून कारण लिहिते.

गेल्या हिवाळ्यात तो शाळेत आला. भाचीवर त्याची माया आहे, त्यात खोट नाही. ती दुकानात बोलते हे ऐकून त्याला राहवले नाही. रांग सोडून तो टेबलामागे गेला, तिला उचलले आणि म्हणाला, "बोल की मामाशी, एकदा तरी बोल. यांच्याशी बोलतेस ना?" ती लाकडासारखी ताठ झाली. त्या दिवसापासून दुकानातला आवाजही गेला. मी मुलाला रागावले तर म्हणाला, "आई, लाड पुरे झाले. माझ्याकडे आली की आठवड्यात सरळ करतो." त्याच्या या एका वाक्याने माझा निर्णय झाला.

दुकान बंद पडले तरी ती टेबलामागे जाऊन उभी राही आणि मुले मधल्या सुट्टीत रांग लावत, थोडा वेळ थांबत आणि निघून जात. कोणी सांगितले नव्हते. एक दिवस त्या रांगेत, त्या पोरांच्या मागे, दुसरीच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर म्हणाल्या, "साबण आहे का?" उत्तर नाही. "बरं, उद्या बघते." रोज आल्या, रोज रिकाम्या हाताने गेल्या, कधी चेहरा पाडला नाही. शेवटी एकदा शेठने झाकण पुढे सरकवले आणि म्हणाली, "शेवटचाच आहे." बाईंनी भाव विचारला, निमूट दिला आणि वर्गाबाहेर जाऊन रडल्या. मला विचाराल तर एवढी परीक्षा पुरे आहे.

मुलाने भाचीला भेटायला जरूर यावे. रांगेत उभे राहावे.

५. मी जाणार हे तिला कोणी सांगायचे, यावर डॉक्टर आणि दुसरीच्या बाई यांच्यात बराच खल झाला. मी आज सकाळी ते स्वतःच केले. घरी सांगून काय उपयोग, तिथे ती उत्तर देत नाही. मी रांगेत उभी राहिले.

"काय पाहिजे, बाई?"

"काही नको, शेठ. सांगायला आले. मी आता फार दिवस येणार नाही."

"गावाला चाललात?"

"नाही. मी मरणार आहे. पोटात दुखतं ना, ते बरं होणार नाही."

ती बरण्या सारख्या करू लागली. मागे मुले उभी होती, कोणी ढकलाढकली केली नाही. मला वाटले, झाले, आता कायमचे तोंड मिटले. मीच पुढे म्हणाले, "तू दुसरीच्या बाईंकडे राहशील. चालेल?"

तिने मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, "आजी, आई सांगून नव्हती गेली."

आजी हा शब्द मी अपघातानंतर पहिल्यांदा ऐकला.

"सरका," ती म्हणाली. "मागे गिऱ्हाईक आहे."

मी सरकले.

तरी माझे शेवटचे सांगणे असे, की मी जाईन त्या दिवशी शाळेला सुट्टी देऊ नये आणि दुकान बंद ठेवू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि बरोबर आहे.

सही: पहिलीच्या बाई

साक्षीदार:
१. शाळेचे कारकून. (दुसरीच्या बाई सही करायला तयार होत्या, पण त्यांचा इथे संबंध येतो म्हणून वकिलांनी नको म्हटले.)
२. उपचार करणारे डॉक्टर.

ठिकाण: पहिलीचा वर्ग
दिनांक: उन्हाळ्याची सुट्टी लागायला महिना उरला असताना, शाळा भरलेली असताना