लखीराम मार्करच्या तीनशे एकोनसत्तर मॅचा

मी लखीराम रूपला राठोड, उमर तेवीस, गाव केनवड, सद्या वाशीमच्या क्लबात टेनिसचा मार्कर, आपल्या खुशीनं हे मृत्युपत्र लिहून राह्यलो. परवा अकोल्याले पोटाचं आपरेशन हाय. डोकं काल दुपारपर्यंत ठिकानावर होतं. मंग काय झालं, ते कलम तीनात.

कलम १. सायकल मायले, गोमतीबाईले. तिले चालवता येत नाई, पन मांगनाऱ्याले नाई म्हनाले तिले लय आवडते.

कलम २. फुटक्या चेंडवाची थैली मोठ्या सायबाले. शिव्या जास्त झाल्या का मी त्याइले भिजवलेला, जड चेंडू द्यायचो. सायेब खांद्याले तेल लावत बसायचे.

कलम ३. रेकार्डची वही, हरेक मॅचचा शेवटचा चेंडू लिवलेली. मार्कर म्हंजे पगारी खेळाडू. सायबाइसंगं चुरशीनं खेळाचं आन शेवटी हराचं. तीन वरसात ३१२ खेळलो, ३१२ हरलो, सारं मुद्दाम. शेवटचा चेंडू जाळीत टाकाचा, हे जब्बारचाचानं शिकवलं. माह्या आंदी तेच मार्कर होते. त्याइच्यासंगं ५७ खेळलो, ५७ जितलो. मृत्युपत्राच्या पयल्या खर्ड्यात खिजवाले हे ५७ त्याइच्याच नावावर लिवले होते.

काल साक्षीची सही मांगाले गेलो. चाचानं वाचलं.

"हे सत्तावन खोड."

"काहून? जळून राह्यले काय?"

"लेका, वही पाह्य. माहा शेवटचा चेंडू कुठं गेला?"

पायलं. जाळीत. जाळीत. जाळीत. माह्याच अक्षरात! तीन वरसं मी सायबाइले हसलो, आन इकडं चाचा मले!

"कायले केलं असं?"

"रोज हरनाऱ्या पोराले घरी जाताना एखांदी जीत लागते, बेटा."

पानं पलटत राह्यलो. एकतीसवी मॅच: 'माहा चेंडू रेघीवर पडला. चाचा धावले, पोचले नाई.'

"आन हे?"

चाचानं त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हने, "ते तुही हाय, हरामखोर. त्या दिवशी मी जीव तोडून पळालो होतो."

कलम ४. म्हनून छप्पन मॅचा जब्बारचाचाले वापस. रॅकेटबी त्याइलेच. एकतीसवी कोनालेच देत नाई. ते माह्यासंगं येईन.

वाशीम, ता. ९ फेब्रुवारी १९५५

लखीराम रूपला राठोड

साक्षीदार: १. सेवादास, क्लबाचा माळी (अंगठा).
२. जब्बारचाचा. सही केली नाई. म्हने, "पयले अकोल्याहून वापस ये. अठ्ठावनवी खेळू, मंग करतो."