जास्वंदीवरचा कापूस

२ ऑक्टोबर १९३८, रविवार. शहापूर

माझ्या जास्वंदीला कापूस आलाय!

कळी बघायला वाकले तर देठांच्या बेचक्यांत पांढरे, मऊ पुंजके. वाटलं, माझं झाड काही निराळंच असणार — फुलण्याआधी नटत असेल. खोलीत आले, परत जाऊन बघितलं, परत आले. असं पाच वेळा. शेजारचं कुणी बघत असेल तर म्हणेल, मास्तरीणबाईंना लागीर झालं.

रॉकेलच्या डब्यातलं एवढंसं झाड. पण माझं आहे. ही खोली भाड्याची असली तरी तिचं कुलूप माझं आहे. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या दाराला माझं कुलूप! शाळेतून आले की उघडते, पुन्हा लावते, पुन्हा उघडते. उगीच.

३ ऑक्टोबर, दसरा

शाळेत पाणी भरणारी गुणाबाई सोनं द्यायला आली. मोठ्या कौतुकाने तिला कापूस दाखवला. ती बघत राहिली, मग ओट्यावर बसून हसायला लागली ती थांबेचना. "अवं बाई, कापूस कसला? पिठ्ये ढेकून हायेत ते. झाडाचा रस पितात. कळ्या गळल्या नाय तर मला इचारा."

मीही हसत सुटले. ढेकणांना ओवाळायचंच काय ते राहिलं होतं.

४ ऑक्टोबर

दोन कळ्या गळल्या.

५ ऑक्टोबर

रॉकेलच्या बोळ्याने एकेक पुंजका पुसून काढला. फार शूर वाटतंय.

६ ऑक्टोबर, गुरुवार

शौर्य अंगाशी आलं. जिथे रॉकेल लागलं तिथे पानं करपली. ढेकूण पानांखाली मजेत आहेत.

त्यातच घरमालकीण हिराबाई दारात उभी. मागच्या अंगणात तिची स्वतःची जास्वंद आहे, देवीला रोज तिचंच फूल लागतं. "तुमची कीड माझ्या झाडावर आली तर मी नाय ऐकून घेनार. सोळा तारखेपातूर झाड साफ करा नायतर जाळा. दोन्ही नाय झालं तर खोली खाली करा."

खोली सुटली तर मुरबाडला दादाकडे जावं लागणार. धर्मादादा चांगला आहे. पण माझी काडीमोड होऊन दोन वर्षं झाली तरी वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते — ही आमची परत आलेली. शिवाय मुरबाडहून रोज इथे शाळेत येणं काही जमायचं नाही. म्हणजे नोकरीही गेली.

भीती वाटायला हवी. पण खरं सांगू? अंगात वारं शिरल्यासारखं झालंय. दहा दिवस आहेत!

७ ऑक्टोबर

नीट बघितल्याशिवाय मारायचं तरी कसं? करपायचं राहिलेलं एक पान पुडीत बांधून बाजारात गेले. कमळाकर घड्याळजींचं दुकान. शाळेचं घड्याळ तेच दुरुस्त करतात, तेवढीच ओळख. म्हटलं, "डोळ्याला लावता ते भिंग जरा द्याल?" कशाला, हेसुद्धा विचारलं नाही त्यांनी. स्टूल पुढे केलं.

आणि काय दिसलं! अंगभर पीठ, कडेने झालर, झालरीखाली बारीक पाय. पानाबरोबर एक मुंगीही आली होती. ती आपल्या मिशांनी ढेकणाच्या पाठीवर टकटक करायची, ढेकूण एक थेंब सोडायचा, मुंगी तो पिऊन टाकायची. गोठ्यात धार काढतात तसं! आम्ही आळीपाळीने बघत होतो. एक गिऱ्हाईक येऊन, ताटकळून निघूनही गेलं, ते कमळाकरांना नंतर कळलं.

"ह्या मुंग्याच राखत असतील त्यांना," ते म्हणाले. "आधी मुंग्यांची वाट बंद करा."

८ ऑक्टोबर

डबा विटांवर ठेवला, विटा पाण्याच्या परातीत. मुंग्या काठावर येऊन थबकतात. एक तर सारखी मागे-पुढे करत होती, बस चुकलेल्या माणसासारखी.

गुणाबाईने जिवावर आल्यासारखी चंचीतली तंबाखू दिली. ती भिजवून, पाण्यात साबण कालवून, कुंचल्याने पानांच्या खालून लावलं. खोलीला विडीच्या कारखान्याचा वास येतोय.

९ ऑक्टोबर

निम्मे मेले. निम्मे!

११ ऑक्टोबर, मंगळवार

आज नवीनच प्रकार. ढेकणांत काही मोठे दिसले — पांढऱ्या झिपऱ्यांचे, आणि चालतात भराभर. म्हटलं, हे ह्यांचे बाप. दोन चिरडले. तिसरा पुडीत घालून दुकानात नेला.

कमळाकरांनी भिंग लावून पुडी दोनदा फिरवून बघितली. मग म्हणाले, "वेणूबाई, हा त्यांच्यातला नाही. हा त्यांना खातोय."

मी भिंग त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. खरंच! ढेकणाला धरून कणीस सोलल्यासारखा खात होता. आणि ह्याच्या दोन भावांना मी माझ्या हाताने मारलं!

आता पेच पडला. तंबाखूचं पाणी लावलं तर हेही मरणार. नाही लावलं तर सोळा तारखेला झाड साफ दिसेलच असं नाही. म्हटलं, "काय करू?"

"खोली तुमची, झाड तुमचं," ते म्हणाले. "मी कसं सांगू?"

घरी येईपर्यंत ठरवलं. तंबाखूचं पाणी ओतून दिलं.

१२ ऑक्टोबर

हिराबाईने डब्यात डोकावून कपाळाला हात लावला. "मरायचं ऱ्हायलं बाजूला, हे तर मोठे झाले!"

"ते आपल्या बाजूचे आहेत," मी.

"तुमच्या असतील. आनि त्या घड्याळवाल्याकडं रोज काय काम असतं हो तुमचं?"

"ढेकूण दाखवायला जाते."

तिचा विश्वास बसला नाही. एकदा खरं बोलले तर ही गत.

१४ ऑक्टोबर

वरच्या बेचक्या रिकाम्या. खालच्या भरलेल्या. झिपरे चारच दिसतात. खा रे बाबांनो, खा.

१६ ऑक्टोबर, रविवार

हिराबाई सकाळीच आली. पदर खोचून डब्यापुढे बसली आणि एकेक पान उलटून बघायला लागली. वरची पानं साफ. मधली साफ. शेवटी अगदी खालच्या देठाशी एक पुंजका सापडलाच. तिने बोट दाखवलं. "हा बग."

तेवढ्यात मागून एक झिपऱ्या आला आणि पुंजक्यात तोंड खुपसलं.

हिराबाई तशीच उकिडवी बसून राहिली. तिच्या चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तरी हलली नाही. पुंजका संपला तेव्हा म्हणाली, "खाल्ला गो त्यानं!"

मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून — "वेणू, ह्यातले दोन मला दे."

मागच्या अंगणात घेऊन गेली. तिची जास्वंद माझ्या झाडाच्या दुप्पट पांढरी! मुंग्यांची रांग तिच्या झाडापासून माझ्या भिंतीपर्यंत. कीड तिचीच होती, आणि तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. "देवीच्या झाडाला कीड लागली म्हनून लोक काय बोलतील?" म्हणाली. इतकी ओशाळली होती की मला रागच येईना. पानावर घेऊन दोन झिपरे तिच्या झाडावर सोडले. खोलीचं नाव तिने काढलं नाही. जाताना मला चहाला बोलावलं.

खोलीत येऊन दार लावलं आणि एकटीच फुगडी घातली.

१९ ऑक्टोबर

फूल आलं. लाल. कुणाला दिलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेला उद्यापासून दिवाळीची सुट्टी. मुली गेल्यावर कमळाकर शाळेत आले. उभ्यानेच म्हणाले, "तुमच्या दादांना भेटण्याआधी तुम्हाला विचारतो. माझ्याशी पाट लावाल?"

बाराव्या वर्षी मला टोकावड्याला दिली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. काडीमोडीच्या वेळी पंचांनी दादाला विचारलं, मी ओसरीवर बसून होते.

कमळाकर मला आवडतात. खूप आवडतात. तेही सांगितलं, आणि मग म्हटलं — नाही. मला आत्ता एकटीनेच राहायचंय.

"बरं," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं, आणि समोरचा माणूस बरं म्हणाला. असंही होतं.